टायब्रेकरची भीती आणि कोपऱ्यातला उंट : आनंद-टोपालोव लढतीचा बारावा डाव

बुद्धिबळात घाई करून हरणारे खेळाडू गल्लोगल्ली सापडतात. परंतु जगज्जेतेपदाच्या लढतीत, निर्णायक दिवशी, पांढरी मोहरी हाती असलेल्या आणि आक्रमणासाठी जगभर नावाजलेल्या खेळाडूने बरोबरी टाळण्याच्या नादात स्वतःच्याच राजाची तटबंदी उघडावी, असे क्वचितच घडते. ११ मे २०१० रोजी बल्गेरियाच्या राजधानीत, सोफियात, नेमके हेच घडले. व्हॅसेलिन टोपालोव आणि विश्वनाथन आनंद यांच्या लढतीचा तो बारावा आणि अखेरचा डाव. अकरा डावांनंतर गुणफलक साडेपाच-साडेपाच असा बरोबरीत होता. हा डावही बरोबरीत सुटला असता, तर दोन दिवसांनी जलद बुद्धिबळाचे टायब्रेकर होणार होते. तशी वेळ आलीच नाही. काळी मोहरी घेऊन आनंदने ५६ चालींत डाव जिंकला आणि साडेसहा-साडेपाच अशा फरकाने जगज्जेतेपद राखले.

हा डाव आजही पटावर मांडून पाहावा असा आहे. त्यात दिपवून टाकणारी वजिराची आहुती नाही, की संगणकाने शोधलेले अगम्य बलिदान नाही. एक साधा, थोडासा कंटाळवाणा वाटणारा डाव दोन चालींत कसा कोसळतो आणि त्यामागे पटापेक्षा पटाबाहेरची गणिते किती असतात, हे त्यातून स्वच्छ दिसते.

चाळीस तासांचा रस्ता

लढतीची सुरुवातच विचित्र झाली होती. एप्रिल २०१० मध्ये आइसलँडमधील ज्वालामुखीच्या राखेने युरोपातील विमानसेवा ठप्प केली आणि माद्रिदहून निघालेला आनंद फ्रँकफर्टमध्ये अडकून पडला. त्याने तीन दिवसांची मुदत मागितली. मिळाला एकच दिवस. अखेर जर्मनी, ऑस्ट्रिया, हंगेरी, रुमानिया अशी मजल दरमजल करीत सुमारे ४० तासांचा प्रवास मोटारीने करून तो आणि त्याचे सहकारी सोफियात पोहोचले. वाटेत वेळ घालवण्यासाठी 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' हे चित्रपट पाहिल्याचे आनंदने पुढे सांगितले आहे.

२४ एप्रिलला पहिला डाव झाला आणि आनंद तो हरला. घरी तयार केलेल्या चालींचा क्रम त्याच्या हातून चुकला होता. दुसऱ्याच डावात त्याने परतफेड केली, चौथा डाव जिंकून आघाडी घेतली. आठव्या डावात, बरोबरीत सुटेल अशा उंटांच्या अंतिम पर्वात, त्याच्याकडून चूक झाली आणि टोपालोव पुन्हा बरोबरीला आला. नवव्या डावात जिंकता येण्याजोगी स्थिती आनंदच्या हातून निसटली. एकूण दहा लाखांवर नव्हे, तर २० लाख युरोंवर डोळे लागलेली ही लढत (विजेत्याचा वाटा १२ लाखांचा) अशी शेवटच्या डावापर्यंत येऊन ठेपली.

त्यातच टोपालोवने लढतीपूर्वीच जाहीर केले होते की, आपण प्रतिस्पर्ध्याशी पटावर बोलणार नाही आणि बरोबरीचा प्रस्तावही देणार नाही. 'सोफिया नियम' या नावाने ही पद्धत ओळखली जाते. बरोबरी हवी असेल तर पंचांमार्फत किंवा त्याच त्या चाली तीनदा करून, असा त्याचा अर्थ. या घोषणेचा प्रश्न बाराव्या डावात पुन्हा उपस्थित होणार होता.

आता टायब्रेकरचे गणित. आनंद हा जलद बुद्धिबळातला त्या काळचा बादशहा. २००३ मध्ये त्याने फ्रान्समध्ये जागतिक जलद स्पर्धा जिंकली होती आणि जर्मनीतील माइन्झच्या जलद लढती तर तो जवळजवळ वहिवाटीने जिंकत असे. उलट टोपालोवला टायब्रेकरचा अनुभव कडू होता. २००६ मध्ये एलिस्ता येथे व्लादिमिर क्रामनिकविरुद्धची लढत बारा डावांनंतर बरोबरीत सुटली आणि जलद डावांत टोपालोवने ती गमावली. त्यामुळे ११ मे रोजी पटासमोर बसलेल्या दोघांच्या दृष्टीने 'बरोबरी' या शब्दाचा अर्थ सारखा नव्हता. आनंदला ती चालणारी होती, टोपालोवला ती पराभवाची पहिली पायरी वाटत होती. टायब्रेकर टाळायचे होते, हे टोपालोवने नंतर मान्यही केले.

शंभर वर्षांपूर्वीचा बचाव

पुढील मजकूर पट समोर ठेवून वाचल्यास अधिक उलगडेल. पांढऱ्याच्या डावीकडून उजवीकडे ए ते एच असे आठ उभे स्तंभ आणि पांढऱ्याच्या बाजूने १ ते ८ अशा आडव्या रांगा, एवढे लक्षात ठेवले की पुरे.

टोपालोवने वजिराच्या पुढचे प्यादे दोन घरे सरकवून सुरुवात केली आणि आनंदने 'लास्कर बचाव' निवडला. १८९४ ते १९२१ अशी २७ वर्षे जगज्जेता राहिलेल्या इमॅन्युएल लास्करच्या नावाचा हा बचाव. सातव्या चालीला काळा घोडा पटाच्या मध्यावर, ई४ वर उडी घेतो आणि मोहऱ्यांची देवाणघेवाण सुरू होते. अकराव्या चालीपर्यंत एकेक उंट आणि एकेक घोडा पटावरून नाहीसा झाला होता. गर्दी कमी झाली की काळ्याला श्वास घ्यायला जागा मिळते, हा या बचावाचा साधा विचार. लढतीत यापूर्वी काळ्या मोहऱ्यांनी आनंद ग्रुनफेल्ड आणि स्लाव्ह हे बचाव खेळला होता. निर्णायक दिवशी त्याने अगदीच वेगळा, जुनाट वाटावा असा, पण भक्कम दरवाजा लावून घेतला. टोपालोवच्या चमूकडे महासंगणकाचे बळ असल्याची तेव्हा बरीच चर्चा होती. अशा प्रतिस्पर्ध्याला गुंतागुंतीच्या स्थितीत गाठू देण्यापेक्षा त्याच्या हाती गुंतागुंतच लागू न देणे शहाणपणाचे.

अठराव्या चालीअखेर स्थिती अशी होती : पांढऱ्याकडे घोडा, काळ्याकडे उंट, दोघांकडे वजीर आणि दोन-दोन हत्ती. काळ्याची ए७ आणि सी५ वरची प्यादी एकाकी होती. एकाकी म्हणजे ज्यांना शेजारच्या प्याद्याचा आधार नाही अशी. घोड्याला सी४ सारखे मोक्याचे घर मिळण्याजोगे होते. म्हणजे बारीकसे सुख पांढऱ्याचे. मात्र काळ्याचा उंट बी७ वर आला की ए८ पासून एच१ पर्यंतचा लांब तिरपा रस्ता त्याच्या ताब्यात येत होता. डावाचा सारा इतिहास या एका रस्त्यावर घडला.

टोपालोवला तो रस्ता दिसत होता, हे उघड आहे. एकविसाव्या चालीला त्याने एफ३ वर प्यादे ठेवून तो बंद केला. मग हत्ती एफ२ वर, प्यादे जी३ वर, राजा जी२ वर. दिसायला ही देखणी तटबंदी. पण जी२ हे घर त्याच लांब तिरप्या रस्त्यावर येते. उंट तेव्हा ए६ वर, दुसऱ्याच वाटेवर होता, आणि मध्ये एफ३ चे प्यादे पहारा देत होते. म्हणून धोका नव्हता. घराचा मालक दरवाजामागे उभा राहावा आणि दरवाज्याला कडी असावी, तसे.

नाकारलेली बरोबरी

चोविसाव्या चालीला आनंदने उंट डी३ वर नेऊन पांढऱ्या वजिरावर रोखला. वजीर सी१ वर मागे गेला. उंट पुन्हा ए६ वर परतला. वजीर परत सी२ वर आला असता तर उंट परत डी३ वर, आणि हेच चक्र चालू राहून डाव बरोबरीत सुटला असता. बोलणे बंद असलेल्या लढतीत हा आनंदचा मूक प्रस्ताव होता, असे म्हणायला हरकत नाही.

टोपालोवने सव्विसाव्या चालीला हत्ती ए३ वर नेला. प्रस्ताव नामंजूर.

इथवर टोपालोवचे काही चुकले नव्हते. स्थिती सुरक्षित होती, ए७ आणि सी५ ही दोन लक्ष्ये समोर होती, आणि पांढरी मोहरी घेऊन अखेरच्या डावात जिंकण्याचा प्रयत्न करणे हा त्याचा हक्कच होता. पण ए३ वर गेलेला हत्ती राजापासून दूर गेला, ही गोष्ट ध्यानात ठेवावी. पुढे घोडा बी३ वरून ए५ वर आला आणि त्याने बी७ वर परतलेल्या काळ्या उंटाला हुसकावले. उंट गेला कुठे? ए८ वर, पटाच्या अगदी कोपऱ्यात. वरवर पाहता तो अडगळीत पडला. प्रत्यक्षात लांब तिरप्या रस्त्याच्या टोकावर, कुणाचाही हात पोहोचणार नाही अशा जागी, टोपालोवनेच त्याला नेऊन बसवले.

घोडा सी४ वर स्थिरावला. आनंदने ई५ वर प्यादे ढकलले. आता ते ई४ वर येऊन एफ३ चा पहारा फोडणार, हे दिसत होते. टोपालोवने तिसाव्या चालीला स्वतःचे प्यादे ई४ वर आणून रस्त्यावर दुसरा अडसर टाकला. कोपऱ्यातल्या उंटासमोर आता पांढऱ्याची दोन प्यादी एकापाठोपाठ एक उभी होती. आनंदने एफ५ वर प्यादे सरकवून पहिल्या अडसराला धक्का दिला.

एकतिसावी आणि बत्तिसावी चाल

येथे पांढऱ्याने काय करावे? ई४ चे प्यादे जागेवर राहू द्यावे आणि त्याला टेकू द्यावा. घोडा सी४ वरून डी२ वर मागे घेतला असता, तर काळ्याने ई४ वर मारामारी केल्यावर तो घोडाच तिथे जाऊन बसला असता आणि रस्ता बंदच राहिला असता. डाव लांबला असता, बहुधा बरोबरीत सुटला असता. अर्थात, टोपालोवला नको होते ते हेच.

त्याने एफ५ चे प्यादे मारले. एक प्यादे पदरात पडले, आणि पहिला अडसर त्याने स्वतःच्या हाताने काढून टाकला.

आनंदने ई५ चे प्यादे ई४ वर ढकलले. ही डावातली सर्वांत सुंदर चाल. काळे प्यादे मारले जाण्यासाठीच पुढे झाले होते. पांढऱ्याने त्याला बगल देऊन एफ३ चे प्यादे एफ४ वर नेले असते, तर काळे प्यादे ई३ वर जाऊन एकाच वेळी हत्तीवर हल्ला आणि मागून उंटाचा राजाला शह, असा दुहेरी प्रसंग ओढवला असता. ए३ वरचा हत्ती घाईने ई३ वर आणणे हा त्यातल्या त्यात बरा मार्ग होता, असे विश्लेषकांचे मत पडले. त्यातही काळ्याचे पारडे जड. पण लढायला जागा होती.

टोपालोवने ई४ चे प्यादेही मारले. दुसरा अडसरही गेला. काळ्या वजिराने ई४ वर उडी घेतली आणि राजाला शह दिला. वजिराच्या पाठीमागे, चार घरे दूर, कोपऱ्यातला तो उंट. आता राजाने जी१ वर मागे जावे, तर वजीर एच१ वर येऊन मात. उंटाचा पाठिंबा असल्याने वजिराला हात लावता येत नाही. म्हणून राजा पुढे आला, एच३ वर. पांढऱ्याकडे एक प्यादे जास्त होते आणि डाव हरलेला होता.

इतक्या अव्वल दर्जाच्या खेळाडूला हे दिसले नसेल काय, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला. चाली तर दिसल्याच असणार. त्यांच्या शेवटी आपला राजा किती उघडा पडतो, याचा अंदाज चुकला. प्रस्तुत लेखकाच्या मते त्या अंदाजाला टायब्रेकरच्या भीतीचा रंग चढलेला होता. सुरक्षित चाल म्हणजे बरोबरी आणि बरोबरी म्हणजे आनंदशी जलद डाव, असे समीकरण डोक्यात पक्के बसले की जोखमीची चाल तेवढी जोखमीची वाटेनाशी होते. सव्विसाव्या चालीला बरोबरी नाकारणारा टोपालोव आणि एकतिसाव्या चालीला प्यादे मारणारा टोपालोव हे एकाच विचाराच्या दोन टोकांना उभे आहेत. फरक इतकाच, की पहिल्या निर्णयाला पटाचा आधार होता.

राजाची पळापळ

यानंतर आनंदने जे केले ते वाटते तितके सोपे नव्हते. त्याने हत्ती डी४ वर आणून घोड्यावर रोखला. घोडा ई३ वर हटला. आणि मग वजीर मागे, थेट ई८ वर! आक्रमण करणारा वजीर मागे घेतो आहे म्हटल्यावर क्षणभर बुचकळ्यात पडायला होते. पण ई८ वरून एच५ कडे तिरपी वाट जाते, आणि वजीर ई४ वरून हटताच उंटाचा रस्ता जी२ पर्यंत मोकळा होतो. आता वजीर एच५ वर आला की मात. राजाला जी२ वर परतायचीही सोय नाही, कारण ते घर उंटाच्या माऱ्यात. तोफ मागे घ्यावी ती पल्ला साधण्यासाठी, तशी ही चाल.

टोपालोवने जी४ वर प्यादे सरकवून वाट रोखली. आनंदने एच५ वर प्यादे नेऊन त्यालाच धडक दिली. पांढरा राजा आणखी पुढे, एच४ वर आला. एखाद्या राजाने आपल्या गडातून निघून शत्रूच्या छावणीजवळ आसरा शोधावा, असा हा प्रकार. आनंदने जी५ वर प्यादे दोन घरे टाकून शह दिला. राजाने ते मारावे तर काळा हत्ती सी७ वरून जी७ वर येतो आणि राजा उघड्या मैदानात सापडतो. म्हणून एफ५ च्या प्याद्याने ते जाता जाता मारले, काळ्या वजिराने जी६ वर परत घेतले, आणि जी-स्तंभ काळ्याच्या ताब्यात गेला.

टोपालोव शेवटपर्यंत सापळे लावत राहिला, हे त्याच्या बाजूने नोंदवायला हवे. चाळिसाव्या चालीला त्याच्या हत्तीने एफ८ वर शह दिला, पुढच्याच चालीला घोड्याने एफ५ वर शह देत ई७ च्या काळ्या हत्तीवरही डोळा ठेवला. आनंदने शांतपणे राजा एच७ वर नेला. घोड्याने तो हत्ती खुशाल मारावा! मारला असता तर काळा हत्ती एच४ वर जाऊन शह देतो. राजाला तो घेण्यावाचून गत्यंतर नाही आणि मग वजीर जी४ वर येऊन मात करतो. टोपालोवने तो हत्ती मारला नाही. सत्तेचाळिसाव्या चालीपर्यंत पटावर काळ्याचा वजीर आणि तीन प्यादी विरुद्ध पांढऱ्याचा हत्ती, घोडा आणि तीन प्यादी एवढेच उरले. काळ्याचे सी-प्यादे पुढे सरकू लागले, बी२ चे प्यादे पडले. छप्पन्नाव्या चालीला वजीर जी७ वर आल्यावर टोपालोवने डाव सोडला.

लढत संपल्यावर आनंदने आपल्या मदतनीसांची नावे उघड केली, तेव्हा बुद्धिबळविश्वाला दुसरा धक्का बसला. पीटर हाइने निल्सन, रुस्तम कासिमजानोव, राडोस्लाव वोयतासेक आणि कोलकात्याचा सूर्यशेखर गांगुली हे त्याचे नेहमीचे सहकारी होतेच. त्यांच्याखेरीज गॅरी कास्पारोव, क्रामनिक आणि तरुण मॅग्नस कार्लसन यांनीही पडद्याआडून मदत केली होती. एकाच खेळाडूच्या पाठीशी भूतकाळ, वर्तमान आणि भविष्य असे तिन्ही उभे होते. ई४ वर ढकललेले ते प्यादे मात्र आनंदने एकट्याने, पटासमोर बसून शोधले होते.

अखेरच्या डावात टायब्रेकरची सावली पडल्याचे आणखी एक उदाहरण चौदा वर्षांनी घडले. १२ डिसेंबर २०२४ रोजी सिंगापूरमध्ये डिंग लिरेन आणि डी. गुकेश यांच्या लढतीचा चौदावा, अखेरचा डाव होता. गुण समान, काळी मोहरी पुन्हा भारतीयाकडे. या वेळी चित्र उलटे होते. २०२३ मध्ये टायब्रेकर जिंकूनच जगज्जेता झालेल्या डिंगला टायब्रेकर हवे होते. त्यासाठी तो एक प्यादे कमी असलेले, पण बरोबरीत सुटणारे अंतिम पर्व खेळत राहिला. पंचावन्नाव्या चालीला त्याने हत्ती एफ२ वर नेला. गुकेशने हत्ती आणि उंट दोन्हींची मारामारी साधली, उरलेल्या प्याद्यांच्या खेळात पांढऱ्याला तरणोपाय नव्हता, आणि ५८ चालींत जगज्जेतेपद गुकेशकडे गेले.

टोपालोवची भीती अनाठायी होती काय, याचे उत्तर सोफियात मिळू शकले नाही. दोन वर्षांनी, मे २०१२ मध्ये, मॉस्कोत बोरिस गेल्फांडविरुद्धची आनंदची लढत बारा डावांअखेर सहा-सहा अशी बरोबरीत राहिली आणि जलद डाव खेळवावे लागले. आनंदने ते अडीच-दीड असे जिंकले.